यादी, प्रश्नावली आणि मोबाइलचा आकडा : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत दोन विषयांची गर्दी आहे. समाजकार्य आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी दिव्यांग उद्योजकांवर प्रकल्प घेतले आहेत, तर शिक्षकांना वर्गातल्या मोबाइलचा छडा लावायचा आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : एम.एस.डब्ल्यू.च्या लघुप्रबंधासाठी मला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून ४० दिव्यांग व्यावसायिकांची यादी मिळाली. सगळ्यांनी कोणत्या ना कोणत्या योजनेचा लाभ घेतलेला आहे. मार्गदर्शक म्हणतात, एवढं पुरे. खरंच पुरेल का?
— विद्यार्थिनी, नांदेड

चाळीस हा आकडा चालेल, यादी चालणार नाही. यादीत फक्त तेच लोक आहेत ज्यांची कागदपत्रं पूर्ण होती, ज्यांना तालुक्याला चार खेपा मारता आल्या आणि ज्यांचा अर्ज मंजूर झाला. अर्ज फेटाळला गेलेले आणि अर्जाच्या वाटेला न गेलेले लोक त्यात नाहीत. अशा यादीवरून ‘योजनेमुळे व्यवसाय उभा राहतो’ असा निष्कर्ष काढाल, तर परीक्षक पहिल्याच प्रश्नाला तुम्हाला पकडतील, कारण योजना न मिळालेला एकही माणूस तुम्ही पाहिलेला नसेल.

पर्याय दोन. शीर्षक बदलून ‘योजनेचे लाभार्थी’ इतकाच विषय ठेवा, किंवा यादी रुंद करा. रुंद करायची असेल तर या ठिकाणी विचारा : जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमांचे अर्जदार (मंजूर आणि नामंजूर, दोन्ही मागा), नगरपालिकेकडे दिव्यांगांना दिलेल्या स्टॉलची नोंद, ग्रामपंचायतीत पाच टक्के दिव्यांग निधीतून मदत मिळालेल्यांची नावं. उद्यम नोंदणीच्या अर्जातही मालक दिव्यांग आहे का हा रकाना असतो, तेव्हा उद्योग केंद्राकडे निदान जिल्ह्याची एकूण संख्या मागून पाहा. नाव दोनदा आलं असेल तर एकदाच ठेवा आणि चिठ्ठ्या टाकून निवड करा.

एवढं करूनही आठवडी बाजारात खेळणी विकणारा, एसटी स्टँडवर कंगवे विकणारा माणूस कुठल्याच कागदावर सापडणार नाही. त्याच्यासाठी पायी फिरावं लागतं. दोन बाजार आणि एक स्टँड ठरवा आणि दोन वेगवेगळ्या वारी जा. ओळखीतून ओळख काढताना एका माणसाकडून दोनच नावं घ्या. जास्त घेतलीत तर सगळा नमुना एकाच संघटनेतल्या मित्रमंडळींचा होतो.

आणखी एक पोकळी बहुतेक प्रबंधांत राहते, ती म्हणजे बंद पडलेले व्यवसाय. वर्तमानपत्रांतून महाबळेश्वरच्या सनराइज कँडल्सचे अंध उद्योजक भावेश भाटिया सगळ्यांना माहीत असतात. ते कौतुकास्पद आहेच, पण यशस्वी माणसांच्या मुलाखतींतून धंदा का बुडतो ते कळत नाही. म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारा, ‘तुमच्या ओळखीत कुणी धंदा सुरू करून बंद केलाय का?’ अशी आठ-दहा माणसं मिळाली तरी प्रबंधाचं वजन वाढतं. बंद पडण्याचं कारण विचारताना ‘काय झालं?’ असं मोघम विचारू नका. शेवटच्या तीन महिन्यांत काय काय घडलं ते क्रमाने काढून घ्या : माल कधी थांबला, मदतनीस कधी सोडून गेला, हप्ता कधी चुकला.

प्रश्न : परवाना दिव्यांग व्यक्तीच्या नावावर, दुकान मात्र दुसराच चालवतो. अशांना उद्योजक धरायचं का?
— पदव्युत्तर विद्यार्थी, सोलापूर

हा प्रश्न प्रश्नावली छापण्याआधी सुचला, हे बरं झालं. लोक उघड बोलत नाहीत, पण स्टॉल भाड्याने दिलेले असतात. पूर्वी एसटीडी-पीसीओच्या बूथमध्येही हेच चालायचं. मोबाइल आल्यावर त्यातले बरेच बूथ झेरॉक्स आणि रिचार्जकडे वळले, म्हणून ‘हा धंदा आधी कसला होता?’ हा प्रश्नही ठेवा.

‘तुम्हीच चालवता का?’ असं थेट विचाराल तर उत्तर ‘हो’ येणारच. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. माल काय आणायचा ते कोण ठरवतं? भाव कोण ठरवतं? रात्री गल्ला कोण मोजतं? तिन्हींचं उत्तर ‘मी’ असेल तर तो चालक-मालक. दोन किंवा एकाचं असेल तर भागीदारीतला. एकाचंही नसेल तर नावापुरता मालक. तिसऱ्या गटाला फेकून देऊ नका. त्याचा रकाना वेगळा ठेवा, कारण नाव वापरू दिल्याबद्दल त्याला महिन्याला किती मिळतात हीदेखील माहितीच आहे. उलटंही घडतं. दुकान भावाच्या नावावर असतं आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारी, हिशेब तोंडपाठ असलेली बहीण अंध असते. कागद पाहून निवड केलीत तर ती तुमच्या नजरेतून सुटेल.

प्रश्न : प्रश्नावलीत ‘दिव्यांग’ लिहू की ‘अपंग’? आणि टक्केवारी विचारणं अपमानास्पद वाटतं का?
— दोन पत्रं, पुणे आणि गोवा

सरकारी कागदात आज ‘दिव्यांग’ रूढ आहे. पण अनेकांना तो शब्द गोड गुळगुळीत वाटतो आणि ते स्वतःला ‘अपंग’ किंवा ‘विकलांग’ म्हणवतात. अहवालात एक शब्द धरा, मुलाखतीत समोरचा जो वापरेल तो वापरा. त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

टक्केवारी विचारायची ती नोंदीसाठी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत (१९९५च्या कायद्यात ७ होते) आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. यूडीआयडी या दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या रंगावरूनही ढोबळ अंदाज येतो : ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० दरम्यान पिवळं, ८० आणि त्यावर निळं. पण ज्याच्याकडे कार्डच नाही त्याचं काय? आणि टक्के सांगून कामातली अडचण कळत नाही. एका हाताचा शिंपी आणि एका हाताचा मोबाइल विक्रेता यांचे टक्के सारखे असू शकतात, अडचण सारखी नसते.

म्हणून वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न जोडा. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने नेमलेल्या या गटाच्या प्रश्नांत अपंगत्व हा शब्दच येत नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला किंवा लक्ष एकाग्र करायला? अंघोळ, कपडे स्वतः करायला? बोलणं समजायला आणि समजावायला? उत्तरं चारच : अजिबात नाही, थोडा, खूप, मुळीच जमत नाही. सहापैकी एकातही ‘खूप’ किंवा ‘मुळीच जमत नाही’ आलं तर ती व्यक्ती गणनेत घ्यायची. ‘होय/नाही’ असे दोनच पर्याय देऊ नका. थोड्या त्रासाची माणसं त्यात ‘नाही’कडे झुकतात.

आकड्यांचा संदर्भ द्यायचा तर २०११च्या जनगणनेत देशात सुमारे २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्या जनगणनेत आठच प्रकार होते, तेव्हा २१ प्रकारांच्या यादीशी त्याची थेट तुलना करू नका.

प्रश्न : उत्पन्न विचारलं की सगळे ‘भागतं कसंबसं’ म्हणतात.
— वाणिज्य शाखेचे प्राध्यापक, जळगाव

म्हणणारच. निराधार अनुदानाला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि क्लिपबोर्ड घेऊन आलेला माणूस सरकारी वाटतो. ‘पेन्शन बंद होईल’ ही भीती खोटी नाही, तेव्हा संस्थेचं ओळखपत्र दाखवून आणि माहिती कुणाला दिली जाणार नाही हे सांगूनच सुरुवात करा. महिन्याचं उत्पन्न विचारूच नका. कामाचं एकक विचारा आणि हिशेब तुम्ही करा.

समजा पिठाची गिरणी आहे. रोज सरासरी किती किलो दळण? ९०. किलोमागे किती? ५ रुपये. महिन्याचे किती दिवस? २६. झाले ११,७०० रुपये. वीजबिल ३,२००, भाडं १,५००, दगडांना टाकी लावण्याचे महिन्याला ३०० पडतात. उरले ६,७००. इथेच बहुतेक अहवाल थांबतात, आणि दिव्यांग उद्योजकाचा खरा हिशेब इथून पुढे सुरू होतो. गव्हाचे डबे उचलायला मुलगा ठेवला आहे, त्याचे २,५००. घर ते गिरणी रिक्षा रोज ४० रुपये, म्हणजे १,०४०. हातात ३,१६०. शेजारच्या धडधाकट गिरणीवाल्याला हे दोन खर्च नाहीत. त्यामुळे ‘मदतनीस’ आणि ‘ये-जा’ हे दोन रकाने वेगळे हवेत. ‘इतर खर्च’मध्ये घातलेत तर तुमच्या विषयाचा गाभाच त्या रकान्यात गडप होईल.

डबे मुलाऐवजी बायको उचलत असेल तर तिचे तास लिहा. पैसे देत नाहीत म्हणून शून्य लिहायचं नाही. रोज पाच तास असतील तर पाच तास. त्या तासांचे रुपये करायचे की नाही हे नंतर ठरवता येतं, पण तास लिहिलेच नसतील तर पुढे काहीच करता येत नाही.

कर्ज घेतलं असेल तर मंजूर रक्कम, हातात आलेली रक्कम आणि अर्ज ते रक्कम यांतले महिने हे तीन वेगळे प्रश्न. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांग विशेष गटात मोडतात : स्वतःचा वाटा ५ टक्के, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. अनुदानाचे पैसे आधी बँकेत अडकवून ठेवलेले असतात, लगेच हातात पडत नाहीत. हे माहीत नसलेला विद्यार्थी ‘अनुदान मिळालं का?’ विचारतो, समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि अहवालात योजना फसल्याचं लिहून येतं.

प्रश्न : अंध आणि कर्णबधिर उद्योजकांना गुगल फॉर्म पाठवला. उत्तरं आलीच नाहीत.
— विद्यार्थी, ठाणे

अंधांच्या बाबतीत आधी फॉर्म तपासा. स्वतःच्या फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) सुरू करा, पडदा झाका आणि तुमचाच फॉर्म भरून पाहा. आडव्या-उभ्या रकान्यांचे तक्ता-प्रश्न तिथेच अडतात, कारण रांगेचं नाव ऐकेपर्यंत रकान्याचं विसरतं. प्रत्येक ओळीचा वेगळा प्रश्न करा. चित्रातला मजकूर वाचला जात नाही. आणि संमतीपत्र श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफ केलं असेल तर स्क्रीन रीडर त्यातून अर्थहीन अक्षरं वाचतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. तीस प्रश्नांच्या फॉर्मपेक्षा वीस मिनिटांचा फोन केव्हाही बरा.

कर्णबधिरांच्या बाबतीत ‘लिहून देतो की’ असं म्हणू नका. सांकेतिक भाषा ज्यांची पहिली भाषा आहे त्यांना लांबलचक मराठी वाक्यं परकी पडू शकतात. दुभाषी घ्या, आणि घरचा माणूस दुभाषी म्हणून टाळा. भाऊ धंद्यात भागीदार असेल तर तो त्याच्या सोयीचं उत्तर देईल. बघायचं दुभाष्याकडे नाही, समोरच्या व्यक्तीकडे. वेळ दुप्पट धरा.

प्रश्न : ‘तुम्ही दिवसातून किती तास मोबाइल वापरता?’ असा प्रश्न ३०० विद्यार्थ्यांना विचारला. उत्तरं २ ते १४ तास. यावर विश्वास ठेवायचा का?
— कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, कोल्हापूर

ठेवू नका. सांगितलेला वापर आणि फोनमध्ये नोंदलेला वापर यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’मध्ये आला. दोन्हींतला सहसंबंध सुमारे ०.३८ निघाला (पूर्ण जुळणी असती तर १). वर्ग केला तर जेमतेम १४ टक्के : खऱ्या वापरातला एवढाच फरक सांगितलेल्या तासांतून उलगडतो. म्हणजे मुलं खोटं बोलतात असं नाही. दिवसात शंभर वेळा उघडलेल्या वस्तूची बेरीज कुणाच्या लक्षात राहील?

फोनलाच विचारा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं (काही कंपन्यांच्या फोनमध्ये जागा वेगळी). तिथून तीन आकडे घ्या : पडदा किती वेळ सुरू होता, किती वेळा अनलॉक केला, किती नोटिफिकेशन आल्या. आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’. मागच्या सोमवार ते रविवारचे आकडे पुढच्या सोमवारी लिहून घ्या. ‘पुढच्या आठवड्याचे आकडे घेणार आहोत’ असं आधी सांगितलंत तर तो आठवडा आपोआप सात्त्विक होतो.

कुठे चुकतं तेही सांगतो. आयफोन ‘पिकअप’ मोजतो आणि अँड्रॉइड ‘अनलॉक’. दोन्ही एका रकान्यात घालू नका. आयफोनवर आयपॅडचा वेळ मिसळण्याची सोय सुरू असू शकते. फोन भावंडांत वाटलेला असेल तर आकडा तिघांचा असतो, म्हणून ‘हा फोन आणखी कोण वापरतं?’ हा प्रश्न आधी हवा. परीक्षेचा किंवा गणपतीचा आठवडा टाळा. आणि स्क्रीनशॉट मागवू नका. त्यात कोणती ॲप आहेत ते सगळं दिसतं, आणि तुमचा त्याच्याशी संबंध नाही. आकडे विद्यार्थ्याने स्वतः चिठ्ठीवर लिहावेत.

आता मूळ मुद्दा. तास मोजून लक्ष उडणं मोजलं जात नाही. रात्री दोन तास मालिका पाहणाऱ्या मुलीचं वर्गातल्या तासाला लक्ष असेल, आणि दिवसात दीड तासच वापरणारा मुलगा तो सगळा वेळ तुमच्याच तासाला वापरत असेल. लॅरी रोझेन आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये २६३ विद्यार्थ्यांना पंधरा मिनिटं अभ्यास करताना पाहिलं. सरासरी सहा मिनिटांच्या आतच त्यांचं काम तुटत होतं. एकूण तासांच्या आकड्यात हे तुटणं दिसत नाही.

वर्गात असं करा. ४८ मिनिटांचा तास १२-१२ मिनिटांच्या चार भागांत पाडा. प्रत्येक भागातलं एक मिनिट आधीच चिठ्ठी टाकून ठरवा. त्या मिनिटाला घंटी वाजवायची आणि प्रत्येकाने कागदावर एका खुणेत सांगायचं : ऐकत होतो, लिहीत होतो, फोनवर विषयाशी संबंधित, फोनवर इतर, शेजाऱ्याशी बोलत होतो, मनातच भरकटलो होतो. दहा तासांत चाळीस क्षण मिळतात. शेवटचा पर्याय काढू नका. तो नसेल तर लक्ष न लागण्याचं सगळं खापर फोनवर फुटतं, आणि फोन नव्हता तेव्हाही मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघणारे होतेच.

बाक क्रमांकही लिहून घ्या. २०१३च्या एका कॅनेडियन प्रयोगात लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे गुण तर घसरलेच, पण ज्यांना शेजाऱ्याचा पडदा दिसत होता त्यांचेही घसरले. कागद गोळा करणारी व्यक्ती मात्र तुम्ही नको. ज्यांच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्यांना कोण खरं सांगेल?

प्रश्न : शीर्षकात ‘मोबाइलचे व्यसन’ चालेल का? आणि ‘डिस्ट्रॅक्शन’ला मराठी काय?
— बी.एड. विद्यार्थी, सांगली

‘व्यसन’ टाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, मोबाइलचा नाही. दहा प्रश्नांची स्मार्टफोन व्यसन मापनश्रेणी सर्रास वापरली जाते. तिची मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही सीमारेषा कोरियातल्या किशोरवयीनांवरून २०१३मध्ये काढलेली आहे. ती उचलून ‘सांगलीतले इतके टक्के विद्यार्थी व्यसनी’ असं छापू नका. सरासरी गुण द्या, गटांची तुलना करा, शिक्का मारू नका.

‘विचलन’ शब्द बरा आहे, पण पुढच्याच तक्त्यात ‘प्रमाण विचलन’ (स्टँडर्ड डेव्हिएशन) येतं आणि वाचक गोंधळतो. प्रश्नावलीत तर तो नकोच. मुलं ‘लक्ष उडतं’, ‘लक्ष लागत नाही’ म्हणतात, तेच लिहा. इंग्रजी श्रेणी मराठीत आणताना एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि फरक पडलेली वाक्यं सुधारायची. मग आठ-दहा मुलांना विचारायचं, ‘हे वाक्य वाचून तुला काय समजलं?’

प्रश्न : महाविद्यालयात ६०० विद्यार्थी आहेत. नमुना ३८४च हवा का?
— अनेक पत्रं

नाही. ३८४ हा फार मोठ्या लोकसंख्येसाठी, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरून येतो. ६०० साठी दुरुस्ती करा : ३८४ ला (१ + ३८३/६००) ने, म्हणजे १.६४ ने भागा. २३५ पुरतात. मात्र ते चिठ्ठ्या टाकून निवडलेले हवेत. व्हॉट्सॲप गटावर लिंक टाकून मिळालेल्या २३५ उत्तरांना हे गणित लागू होत नाही.

प्रश्न : आमचा क्रोनबॅक अल्फा उणे आला!
— एम.एड. विद्यार्थिनी, अमरावती

प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते अल्फा सांगतो. तो उणे आला म्हणजे उलट्या विधानांचे गुण उलटवायचे राहिले असणार. ‘तासाला मी फोन बॅगेत ठेवतो’ यासारख्या विधानाला पाचच्या श्रेणीत ६ वजा मिळालेला गुण असं करून पुन्हा काढा. तरीही ०.७ च्या खूप खाली राहिला तर एकेक विधान काढून कुठलं खटकतंय ते पाहा.

प्रश्न : आमच्या अभ्यासाच्या काळात वर्गात मोबाइलबंदी ठेवणार आहोत, म्हणजे आधी आणि नंतरची तुलना होईल. एक विद्यार्थी अंध आहे, त्याला सूट दिली तर निष्कर्ष बिघडतील का?
— प्राचार्य, रत्नागिरी

एका विद्यार्थ्याने निष्कर्ष बिघडत नाहीत, सूट न दिल्याने मात्र त्याचा तास बिघडेल. त्याच्यासाठी फोन हीच वही आणि फोन हाच फळा आहे : फळ्याचा फोटो काढून तो वाचून घेतो, नोट्स बोलून लिहितो. कमी दिसणाऱ्याला अक्षर मोठं करायला आणि कमी ऐकू येणाऱ्याला बोललेलं लिखित रूपात पाहायला फोनच लागतो.

मोजणीतही त्याचा आकडा वेगळा वागतो. स्क्रीन रीडरने एक पान वाचायला जितका वेळ लागतो तितका वेळ पडदा सुरू राहतो, त्यामुळे त्याचा स्क्रीन टाइम मोठा दिसेल. म्हणून प्रश्नावलीत सगळ्यांसाठी एक रकाना ठेवा : ‘फोन वाचनसाहाय्य किंवा श्रवणसाहाय्य म्हणून वापरतो/वापरते.’ डिस्लेक्सिया असलेली, कुणाला न सांगितलेली एखादी मुलगीही तिथे खूण करेल. खूण करणाऱ्यांचे तास सरासरीतून वेगळे दाखवा, घंटीच्या चिठ्ठ्यांत मात्र त्यांना सगळ्यांसोबत ठेवा, कारण तिथे ‘फोनवर विषयाशी संबंधित’ हा पर्याय त्यांना आहेच. बंदीच्या सूचनेत सूट कुणाला ते नावाने लिहू नका, ‘साहाय्यक वापरासाठी परवानगी आहे’ एवढंच लिहा.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा होकार दोन्ही घ्या. पालकांनी सही केली म्हणून मुलाने चिठ्ठी भरलीच पाहिजे असं नाही. कोरी चिठ्ठी देण्याची मुभा ठेवा आणि कोऱ्या किती आल्या ते अहवालात लिहा.